लॉगिन किती वेळ टिकतं?

बँकेच्या साइटवर पैसे पाठवताना मध्येच फोन येतो. बोलून परत यावं, तर स्क्रीनवर सूचना: सेशन संपलं, पुन्हा लॉगिन करा. चिडचिड होते, पण ही काळजी आपल्याच पैशांसाठी असते.

वेब ज्यावर चालतं ते एचटीटीपी विसराळू आहे. प्रत्येक क्लिक सर्व्हरला नवंच वाटतं. १९९४ साली नेटस्केपच्या लू माँटुली यांनी त्यावर तोडगा काढला, तो म्हणजे कुकी. लॉगिन झालं की सर्व्हर एक लांबलचक, अंदाज न बांधता येणारा क्रमांक ब्राउझरला देतो. पुढच्या प्रत्येक क्लिकबरोबर ब्राउझर तो आपणहून दाखवतो. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवरच्या बिल्ल्यासारखंच हे: ज्याच्या हाती बिल्ला, त्याची चप्पल. त्यामुळे हा क्रमांक चोरीला गेला, तर बऱ्याचदा चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही.

म्हणून मुदत हवी. कुकीवर ती सेकंदांत लिहितात. ३६०० म्हणजे एक तास. पण ती पाळतो ब्राउझर. चोर कशाला पाळेल? खरी मुदत सर्व्हरच्या नोंदीतच हवी आणि तिथे दोन घड्याळं हवीत. एक प्रत्येक क्लिकला पुन्हा शून्यापासून सुरू होणारं, दुसरं लॉगिनपासून न थांबता चालणारं. लॉगआउट केल्यावर फक्त ब्राउझरमधली कुकी पुसून सर्व्हरवरची नोंद तशीच ठेवणं, हा माझ्या मते निव्वळ हलगर्जीपणा आहे.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम झालं की नुसती खिडकी बंद करू नका. लॉगआउटचं बटण शोधा आणि दाबाच.