चंद्रस्तुतीचा काळ : बेने इस्राएल परंपरेच्या संदर्भात

कोकणातील मराठीभाषक ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, यांचे सण चांद्रमासांशी निगडित आहेत. वाढत्या चंद्राचे दर्शन घेऊन उघड्या आकाशाखाली दरमहा म्हणावयाच्या ज्यू स्तुतीस हिब्रूत ‘बिरकत हलेवाना’ म्हणतात. ती केव्हा म्हणावी, हा प्रश्न वरवर गणिताचा दिसतो. वस्तुतः तो शास्त्र आणि सृष्टी यांचा मेळ घालण्याचा आहे.

तालमूदच्या ‘सान्हेद्रीन’ या ग्रंथात अखेरच्या मर्यादेविषयी दोन मते आढळतात : एक सातव्या दिवसाचे, दुसरे सोळाव्याचे. पुढे दुसरेच रूढ झाले. मध्यम चांद्रमास २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटे व सुमारे ३ सेकंदांचा असतो. त्याचा अर्धा भाग, म्हणजे १४ दिवस, १८ तास, २२ मिनिटे, ही अश्केनाझी परंपरेतील सीमा होय. सोळाव्या शतकातील योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरूख’मध्ये पूर्ण १५ दिवसांची मुभा आहे. चंद्र क्षीण होऊ लागल्यावर नवतेची स्तुती अप्रस्तुत ठरते, हे यामागील तत्त्व. आरंभाविषयी काहींच्या मते सूर्यचंद्रांच्या युतीनंतर तीन दिवस पुरेत. कारो सात दिवस थांबावयास सांगतात. बेने इस्राएलांची उपासना मुख्यतः सेफार्दी वळणाची असल्याने हे मत येथे विशेष महत्त्वाचे. मराठी पंचांगाच्या भाषेत हा काळ स्थूलमानाने शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा असा होतो.

खरी अडचण आव महिन्यात येते. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक नवमीला पाळला जातो. बेने इस्राएल त्यास ‘बिरड्याचा सण’ म्हणत. त्या उपवासानंतरच चंद्रस्तुती करण्याचा प्रघात असल्याने जेमतेम पाच-सहा रात्री उरतात; त्यांतून शुक्रवारची रात्र सामान्यतः वगळली जाते. हा महिना जुलै-ऑगस्टमध्ये, कोकणच्या ऐन पावसाळ्यात येतो. ढगांआड चंद्र दिसला नाही, तर स्तुती करता येत नाही. आणि मुदत टळल्यावर तिची भरपाईही नाही. शनिवारची रात्र श्रेयस्कर मानली गेली, तरी मुदत टळण्याचे भय असल्यास तिची वाट न पाहण्याची सवलत शास्त्रकारांनी दिली, ती यासाठीच.

चंद्राची स्तुती ‘त्याच्या वेळी’ करणारा जणू ईश्वरी सान्निध्याचेच स्वागत करतो, असे तालमूद सांगतो. ही वेळ ठरवितो ग्रंथ. ती साधू देणे मात्र आकाशाच्या हाती असते.