मावळ्याचा चेहरा कोणत्या रंगाचा?

दिवाळीचा किल्ला झकास जमतो. बुरूज, तळे, हळिवाची हिरवळ, सारे खरे वाटते. मावळ्यांचे चेहरे मात्र पुष्कळदा गुलाबी! सह्याद्रीच्या उन्हात हिंडणारी माणसे गुलाबी कशी असतील? बरे, त्यावर सपाट तपकिरी रंग फासला, तरी मावळा मातीचाच दिसतो. असे का व्हावे? उत्तर तुमच्याच हातात आहे.

अंधाऱ्या खोलीत पेटत्या विजेरीवर बोटे घट्ट ठेवा. बोटांच्या कडा लालभडक दिसतील. आता तळहात अंगठ्याने दाबून सोडा. ती जागा क्षणभर फिकट पडते आणि लगेच पूर्ववत होते.

यावरून काय कळते? त्वचेवर पडलेला सगळाच प्रकाश वरच्यावर परत फिरत नाही. काही आत शिरतो. वरच्या थरात मेलॅनिन हे तपकिरी रंजकद्रव्य असते. त्याखालच्या थरात सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. रक्तातील हीमोग्लोबिन निळा व हिरवा प्रकाश बराचसा शोषून घेते, तांबडा मात्र सोडून देते. अशा दोन गाळण्यांतून जाऊन, आत विखरून बाहेर आलेला प्रकाश म्हणजे आपल्याला दिसणारा त्वचेचा रंग! डबीतला जाड रंग प्रकाशाला आत शिरूच देत नाही. म्हणून चेहरा निर्जीव वाटतो.

तेव्हा आपणही थरांनीच रंगवू. त्यासाठी ॲक्रिलिक रंग घ्या. पोस्टर रंग वाळला तरी ओल्या कुंचल्याने पुन्हा सुटतो. प्रथम मावळ्याला पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्या. म्हणजे माती पुढचे रंग पिणार नाही. मग पिवळा, तांबडा, थोडा पांढरा आणि अगदी टिपकाभर निळा मिसळून तपकिरी रंग बनवा व तो लावा. वाळल्यावर गाल, नाकाचा शेंडा, कान आणि ओठ यांवर पाणीदार तांबूस छटा फिरवा. ही झाली रक्ताची गाळणी.

आता त्याच तपकिरीत निळा व तांबडा थोडा वाढवून, भरपूर पाणी घालून तो चेहऱ्यावर सोडा. हा पातळ रंग आपण होऊन खाचांत जमतो आणि नाकाखाली, हनुवटीखाली सावल्या पडतात. सावलीसाठी काळा रंग मिसळू नका. चेहऱ्यावर राखेची कळा येते. शेवटी कपाळ आणि नाकाचा दांडा यांवर मूळ रंगाची थोडी फिकट छटा लावा.

आणि डोळे? इथे थोडे गणित करा. मावळा ५ सेंमी. उंच आणि खरा माणूस १७० सेंमी. म्हणजे मावळा ३४ पट लहान. तुम्ही त्याला ६० सेंमी.वरून पाहता, तेव्हा जणू खऱ्या माणसाला सुमारे २० मीटरवरून पाहत असता. क्रिकेटची खेळपट्टी जवळजवळ तेवढीच लांब असते. एवढ्या अंतरावरून मित्राच्या बुबुळाभोवतीचा पांढरा भाग नीट दिसतो का? नाही ना? मग मावळ्याला वटारलेले पांढरे डोळे कशाला? दोन बारीक गडद रेघा पुरेत.

एक प्रश्न उरला. तपकिरी किती गडद करायचा? अमेरिकेत क्रेयोला खडूंच्या पेटीत एका फिकट खडूचे नावच ‘फ्लेश’, म्हणजे कातडीचा रंग, असे होते. १९६२ साली ते बदलून ‘पीच’ करण्यात आले. ते योग्यच झाले, कारण ‘कातडीचा रंग’ असा एकच रंग नसतो. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या सर्व माणसांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो मेलॅनिनचे प्रमाण, त्याचा प्रकार आणि त्याची मांडणी यांमुळे.

पटत नसेल तर वर्गात करून पाहा. चार-पाच मित्रांचे हात शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकाच्या हाताशी जुळणारी छटा कागदावर बनवा. छटा वेगवेगळ्या होतील, पण डब्या मात्र त्याच चार लागतील: पिवळी, तांबडी, पांढरी आणि निळी. मग या दिवाळीला तुमच्या गडावरचे सारे मावळे एकाच रंगाचे कशाला हवेत?