एकिनेशिया बागेत शोभेल, औषधात नको

सडक-अर्जुनी तालुक्यातल्या सौंदडसारख्या धानपट्ट्यात एकिनेशिया लावावा का? लावावा, पण फुलासाठी. मूळचा उत्तर अमेरिकेतला हा बहुवर्षायू झेंडूच्याच कुळातला. त्याच्या उंचावलेल्या मध्यभागावर मधमाश्या आणि फुलपाखरे येतात. पावसाळ्याचे काय, ही शंका रास्तच आहे. बांधीतल्या चिखलात त्याची मुळे कुजतील. म्हणून उंच वाफा, निचऱ्याची माती आणि भरपूर ऊन हवे, शिवाय वैशाखात दुपारची थोडी सावली. सर्दीवरचे औषध म्हणून मात्र त्याचा गवगवा फार झाला. 2014च्या कॉक्रेन आढाव्यात फायद्याचा पुरावा कमकुवतच ठरला. ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांनी गाजरगवत आठवावे. तेही याच कुळातले, आणि या कुळाची ॲलर्जी असलेल्यांना एकिनेशियाही बाधू शकतो. त्यांनी त्याचा काढा घेऊ नये.