सुयांशिवाय विणकाम

गेल्या आठवड्यात टकळीवर लोकरीचं सूत कसं निघतं ते पाहिलं. आज तेच सूत सुया, माग, आकडी असं काहीही न घेता नुसत्या बोटांवर विणू.

भीमा आणि घोड नदीच्या या पट्ट्याला बोटांचं काम नवं नाही. पाटाचं पाणी आणि ऊस येण्याआधी शिरूर-दौंडचं बरंचसं रान ज्वारी-बाजरीचं होतं. कणसं भरली की माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायची, आणि त्यासाठी लागणारी गोफण घरातलंच कोणीतरी विणायचं. पण गोफणीची वीण वेणीसारखी असते. त्यात अनेक पेड एकमेकांवरून जातात, म्हणून ती ताणली तरी लांबत नाही. बोटांवरच्या विणकामात धागा एकच. तो स्वतःच्याच फासातून पुन्हा पुन्हा ओढला जातो. त्यामुळे विणलेली पट्टी ताणते, आणि शेवट मोकळा राहिला तर सगळी उसवते. या पट्टीची गोफण किंवा शेळीचं दावं करायला जाऊ नका.

कृती अशी. डावा तळवा आपल्याकडे धरा. धाग्याचं टोक अंगठ्याखाली दाबा. धागा तर्जनीच्या पुढून, मधल्या बोटाच्या मागून, अनामिकेच्या पुढून, करंगळीच्या मागून न्या. करंगळीला वळसा घालून परत फिरा: करंगळीच्या पुढून, अनामिकेच्या मागून, मधल्या बोटाच्या पुढून, तर्जनीच्या मागून. आता प्रत्येक बोटावर एक फास दिसेल. त्याच्या वर, नखांच्या बाजूला, अशीच दुसरी फेरी घाला. मग करंगळीपासून सुरुवात करून प्रत्येक बोटावरचा खालचा फास उचला आणि वरच्या फासावरून, बोटाच्या शेंड्यावरून मागे टाका. एक ओळ झाली. अंगठ्याखालचं टोक आता मागे सोडा, नवी फेरी घाला, खालचे फास पुन्हा मागे टाका. पट्टी हाताच्या पाठीमागे वाढत जाते. अधूनमधून ती खाली ओढली की कडा आत वळून गोल दोरी होते.

फास सैल ठेवा. बोटाचं टोक लाल झालं तर धागा घट्ट ओढला जातोय. मधेच उठायचं असेल तर चारही फास एका पेन्सिलीवर ओवून ठेवा. संपवताना धागा तोडून त्याचं टोक चारही फासांतून ओवा, बोटं काढा आणि ओढा.

१९१९ साली जर्मनीतल्या स्टुटगार्टला रुडॉल्फ स्टायनर यांनी पहिली वॉल्डॉर्फ शाळा काढली. त्या पद्धतीच्या शाळांत आजही मुलांच्या हाती सुया देण्याआधी हे बोटांचं विणकाम शिकवतात. म्हणून ते मुलांचंच काम ठरत नाही. मला ते आपल्याकडच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीसाठी फार योग्य वाटतं. ही लोकर भरड, बहुतेक काळी. स्वेटर केला तर अंगाला टोचेल. सनगर विणकर तिची घोंगडी करतात, चिंचोक्याची खळ लावून. पण घोंगड्यांना गिऱ्हाईक कमी झालं, आणि मेंढ्या कातरायची मजुरी अनेकदा लोकरीच्या दरापेक्षा जास्त पडते. मग लोकर वाड्यावरच टाकून दिली जाते. हे मनाला फार लागतं, कारण जाड, ओबडधोबड सूत सुयांवर अवघड जातं, बोटांवर मात्र ते उत्तम बसतं.

त्याचं बसायचं आसन करून पाहा. हातभर रुंद आसनाला दोरी पुष्कळ लागते, तेव्हा गुंडा मोठा घ्या. मधोमध एक टोक ठेवून दोरी गोल गुंडाळत जा आणि शेजारच्या वेढ्याला त्याच सुताने उलट्या बाजूने शिवत चला. वेढे फार ओढू नका, नाहीतर आसन वाटीसारखं वर उचलतं. धुवायचं ते थंड पाण्यात, न पिळता. गरम पाण्यात चोळली की लोकर आटते. पुढच्या आठवड्यात खळ कशी लावतात ते पाहू.