मामाच्या दुकानातील भाचा

सुटीत मामाच्या किराणा दुकानी पुड्या बांधणारा १२ वर्षांचा भाचा बालमजूर ठरतो काय? १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलास नोकरीस ठेवणे सर्वत्र निषिद्ध झाले. घरच्या धंद्यातील मदत मात्र वगळली गेली. येथे घरच्यांत काका, मामा, आत्या, मावशी येतात. आजोबा मात्र, नवल असे की, व्याख्येत नाहीत! ही मदतही शाळेच्या वेळेत नसावी, दिवसाकाठी ३ तासांहून अधिक नसावी आणि सायंकाळी ७ ते सकाळी ८ पर्यंत मुळीच नसावी. म्हणजे दुकानात खरी गर्दी होते तेव्हा भाच्याने घरी असावे. शेजाऱ्याच्या मुलास ही सवलत नाही. त्याला कामास ठेवणाऱ्या मालकास ६ महिने ते २ वर्षे कैद, २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.