टाइल पाणी अडवत नाही : न्हाणीघराच्या नूतनीकरणातील काही गैरसमज

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये न्हाणीघराच्या नूतनीकरणाचे निमित्त बहुधा गळतीचे असते. मात्र कामाची सुरुवात एल. बी. एस. मार्गावरील किंवा एस. व्ही. रोडवरील दुकानात टाइलचा रंग पसंत करण्यापासून होते. हा क्रम उलटा आहे, कारण टाइलची निवड तिच्याखालच्या थरापासून आणि तिच्यावर पडणाऱ्या पाण्यापासून ठरत जाते व रंगाचा विचार त्यानंतर येतो.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा, की जुनी लादी काढून नवी, उत्तम प्रतीची टाइल बसवली की खालच्या घराच्या छतावरील ओल थांबते. वस्तुतः अशी टाइल स्वतः फारसे पाणी शोषत नसली, तरी दोन टाइलमधील सांधा ज्या सिमेंट-ग्राउटने भरतात ते सच्छिद्र असते आणि त्यातून पाणी सावकाश खाली झिरपत राहते. ते अडवण्याचे काम खालच्या जलरोधक थराचे असते. मुंबईच्या इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब घराच्या इतर स्लॅबपेक्षा काही इंच खाली ठेवलेला असतो, त्याला ‘संकन स्लॅब’ म्हणतात. त्या खोलगट भागात पाइप टाकून वर विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवतात, तो ‘कोबा’. बहुतेक गळती नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतील निचऱ्याच्या तोंडाच्या, कडेने, पाइप स्लॅबमधून जातो तेथून किंवा भिंत आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यातून होते, आणि या तिन्ही जागा टाइलखाली दडलेल्या असतात. म्हणून गळती असल्यास कोबा उखडून जलरोधनाचे काम नव्याने करणे, ट्रॅप बंद करून जमिनीवर 24 ते 48 तास पाणी साठवणे आणि त्या काळात खालच्या घराचे छत तपासणे, एवढे झाल्यावरच टाइलच्या पेट्या उघडणे योग्य ठरते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार शौचालय, सिंक यांमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकावर पडतो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवण्याची पद्धत डेब्रिज आणि दिवस दोन्ही वाचवते. भिंत कोरडी आणि जुनी टाइल घट्ट असेल, तर भिंतीवर ती चालूही शकते. जमिनीवर मात्र तिच्यामुळे जुनी गळती झाकली जाते, पातळी वर येते, उंबरठा तेवढा बुटका होतो आणि पाणी बाहेरच्या खोलीकडे वळते.

अशा कामाला महापालिकेची परवानगी लागतेच, असेही अनेकांना वाटते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 342 मध्ये जमिनीच्या टाइल बदलणे आणि न्हाणीघराची दुरुस्ती यांची गणना परवानगीतून वगळलेल्या साध्या दुरुस्तीत केली आहे. न्हाणीघराची जागा बदलणे किंवा भिंत पाडणे हा वेगळा विषय आहे. संस्थेला लेखी कळवणे मात्र आवश्यकच.

‘विट्रिफाइड म्हणजे उत्तम, म्हणून भिंतीला आणि जमिनीला तीच’ हा समजही तपासून घ्यावा लागतो. अतिशय उच्च तापमानाला भाजल्यामुळे जिचा गाभा काचेसारखा घट्ट झालेला असतो आणि जी स्वतःच्या वजनाच्या 0.5 टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही, ती विट्रिफाइड टाइल. भिंतीसाठीची साधी सिरॅमिक टाइल 10 टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते. टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाकला, की हा फरक दिसतो : भिंतीच्या टाइलवर तो लगेच जिरून डाग गडद होतो, विट्रिफाइडवर तो तसाच राहतो. भिंतीवर हे शोषण दोष ठरत नाही, उलट त्यामुळेच सिमेंट तिला घट्ट धरते. विट्रिफाइड टाइल मात्र नुसत्या सिमेंटच्या रबडीवर नीट धरत नाही, काही काळाने नाण्याने ठोकल्यावर पोकळ वाजू लागते, आणि म्हणून तिला पॉलिमर मिसळलेले चिकटद्रव्य लागते, ज्याचे प्रकार आयएस 15477 या भारतीय मानकात ठरवलेले आहेत.

कुटुंबाच्या न्हाणीघरात खरा धोका निसरडेपणाचा असतो, आणि तो किमतीवरून कळत नाही. पॉलिश केलेली महागडी टाइल दिवाणखान्यात शोभते. तीच ओली झाली की घात करते. उपनगरातील घरांत बहुधा बादली-तांब्याने आंघोळ होते, साबण आणि डोक्याचे तेल संपूर्ण जमिनीवर पसरते, आणि एकाच न्हाणीघरात आजी-आजोबांपासून लहान मुलांपर्यंत सर्वांचे पाय पडतात. त्यामुळे शॉवरपुरती जागा ओली धरून दिलेला परदेशी मासिकांतील सल्ला येथे लागू पडत नाही. पेटीवरील आर-9 ते आर-13 हे आकडे जर्मन चाचणीतून आलेले आहेत : तेल ओतलेल्या उतारावर बूट घातलेली व्यक्ती किती कोनापर्यंत न घसरता चालू शकते, यावरून ते ठरतात. आर-9 ही सर्वांत खालची पायरी असल्याने ‘आर रेटिंग आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी वर्गवारी आहे आणि न्हाणीघराला तीच अधिक लागू पडते. ती उपलब्ध नसेल, तर आर-10 किंवा आर-11 ची मॅट टाइल घ्यावी. जमिनीवर 300 मिलिमीटर किंवा त्याहून लहान चौरस टाइल बरी, कारण ती नहाणी ट्रॅपकडे जाणारा उतार सहज घेते आणि तिचे जास्तीचे सांधे पायाला पकड देतात. 600 बाय 1200 मिलिमीटरच्या टाइलला मात्र उतारासाठी तिरके कापावे लागते.

फिकट रंगाने लहान न्हाणीघर मोठे दिसते, हे अर्धेच खरे आहे. राष्ट्रीय इमारत संहितेने न्हाणीघराचे किमान क्षेत्रफळ 1.8 चौरस मीटर धरले आहे. एवढ्या जागेत फिकट टाइलभोवती गडद ग्राउट भरले, तर चौकटींचे जाळे डोळ्यांत भरते आणि रंगाचा लाभ उरत नाही. गडद रंगात मळ दिसत नाही, हा समज तर उलटाच. काळ्या चकचकीत टाइलवर साबणाचा थर आणि वाळलेल्या थेंबांचे पांढरे ठिपके सर्वांत आधी दिसतात. भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतून येणारे महापालिकेचे पाणी तुलनेने मृदू असते. परंतु संस्थेत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळत असेल, तर त्यातील क्षार हे ठिपके पक्के करतात. अशा ठिकाणी मध्यम राखाडी किंवा वालुकारंगी मॅट टाइल सांभाळायला सोपी. रंग पारखताना टाइल दुकानाच्या झगमगाटात ठरवू नये. नमुना घरी आणून, डक्टकडे (इमारतीतील पाइपांच्या उभ्या पोकळीकडे) उघडणाऱ्या खिडकीच्या अपुऱ्या उजेडात आणि घरातल्याच दिव्याखाली, ओला करून पाहावा.

पावसाळ्यात डक्टमधली हवा दमट असल्याने पांढरे सिमेंट-ग्राउट बुरशीने लवकर काळवंडते. राळ आणि कठीणकारक मिसळून बनणारे एपॉक्सी ग्राउट पाणी शोषत नाही, म्हणून ते डागांना दाद देत नाही; पण त्याने गळती बंद होते, हा विक्रेत्यांनी पसरवलेला भ्रम आहे, कारण गळतीच्या बहुतेक जागा टाइलखालीच असतात.

नैसर्गिक दगड अधिक टिकाऊ, असे म्हणताना दगड कोणता ते विचारावे. संगमरवर, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीच्या कुळातले असल्याने, घरोघरी सफाईसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲसिडने त्यांचा पृष्ठभाग झिजतो; ग्रॅनाइटवर तो परिणाम फारसा होत नाही. मुंबईत 1922 मध्ये स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्सने परिचित केलेली नक्षीदार सिमेंटची लादी दिसायला देखणी. परंतु ती भट्टीत भाजलेली नसल्याने सच्छिद्र असते आणि ॲसिड तिलाही चालत नाही.

पेट्या घरी आल्यावर प्रत्येक पेटीवरील शेड क्रमांक आणि बॅच क्रमांक सारखा आहे का, हे कडियाने काम सुरू करण्यापूर्वी पाहावे, कारण एकाच नावाच्या टाइलच्या दोन बॅचमध्ये रंगाचा फरक पडतो आणि तो भिंतीवर बसल्यावरच उघड होतो. मोजमापापेक्षा 5 ते 10 टक्के टाइल अधिक घेऊन उरलेल्या माळ्यावर ठेवाव्यात; पुढे पाइपच्या दुरुस्तीसाठी चार टाइल फोडाव्या लागल्या, तर तीच शेड बाजारात मिळण्याची शक्यता फारच कमी असते.