फेरेट पाळण्यापूर्वी

एखाद्या प्राण्याने आपले मन वेधून घेणे आणि त्या प्राण्याला आपल्या घरी निकोप आयुष्य लाभणे या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर असते, आणि फेरेटाच्या बाबतीत ते फार सहज नजरेआड होते. हातभर लांबीचा, आखूड पायांचा, कमालीच्या लवचीक देहाचा, डोळ्यांभोवती काळसर पट्टा असलेला हा जीव युरोप-अमेरिकेतील पुष्कळ घरांतून पाळला जातो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले तो शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहतात आणि आईवडिलांपाशी हट्ट धरतात. त्याचे चित्र पाहून आपल्याकडील वाचकाला मुंगसाची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. परंतु प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात मुंगूस मार्जारकुलाच्या बाजूला पडते, तर फेरेट श्वानकुलाच्या बाजूला, आणि आपल्या नद्यांतून आढळणारे पाणमांजर हे त्याचे खरे सगोत्र.

युरोपातील पोलकॅट नावाच्या रानटी मांसभक्षकापासून माणसाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी फेरेट माणसाळविला, आणि त्याच्याकडे काम सोपविले ते सशांच्या बिळांत शिरून त्यांना बाहेर पिटाळण्याचे. स्ट्रेबो या ग्रीक भूगोलवेत्त्याने स्पेनमधील अशा शिकारीचे वर्णन केले आहे, आणि सशांच्या उपद्रवाने हैराण झालेल्या बॅलिआरिक बेटांतील रहिवाशांनी सम्राट ऑगस्टसकडे फौजेची मदत मागितल्याची हकीकत प्लिनीने नमूद केली आहे. बिळात वावरण्यासाठी घडलेला तो देह आणि तो स्वभाव आजही फारसा पालटलेला नाही, ही बाब ज्याने ध्यानात घेतली त्याला फेरेटाच्या बहुतेक साऱ्या वर्तनाचा उलगडा होतो. जिथे मस्तक शिरते तिथे त्याचे सारे शरीर बहुधा शिरते. म्हणून धुलाईयंत्रामागची फट, ओट्याखालचे कपाट, घडीच्या आरामखुर्चीची यंत्रणा, ही सारी त्याच्या लेखी बिळेच होत, आणि अशा खुर्चीत चिरडून फेरेट दगावतात. रबराचे त्याला विलक्षण आकर्षण असते. चपलेचा तळ, खोडरबर, दूरचित्रवाणीच्या रिमोटची बटणे तो कुरतडून गिळतो, आणि तो तुकडा आतड्यात अडकला म्हणजे शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. सबब, ज्याला हा प्राणी आणावयाचा आहे त्याने आधी जमिनीवर पालथे पडून आपल्या घराची तपासणी करावी, हे मी अगदी मनापासून सुचवितो.

त्याचा आहारही त्याच पूर्वेतिहासाने ठरविला आहे. त्याचे आतडे आखूड, त्यात अंधांत्र मुळीच नाही, आणि खाल्लेले अन्न तीन-चार तासांत शरीराबाहेर पडते. त्यामुळे धान्य, फळे, दूधभात यांवर तो जगू शकत नाही आणि मांसाला त्याच्यापुरता पर्याय नाही. ज्या घरात मांस शिजत नाही त्या घराने हा प्रश्न प्राणी आणण्यापूर्वीच सोडविला पाहिजे. शिवाय लहानपणी ज्या अन्नाचा वास त्याच्या परिचयाचा होतो तेच तो पुढे अन्न मानतो, आणि नवे खाद्य पुढे केले तर उपाशी राहण्याचीही त्याची तयारी असते.

दिवसाचे चौदा ते अठरा तास तो झोपेत घालवितो, आणि ती झोप अनेकदा इतकी गाढ असते की उचलून घेतले तरी मान लुळी पडलेलीच राहते व नवा मालक घाबरून पशुवैद्याकडे धाव घेतो. जागा झाला म्हणजे मात्र पाठीची कमान करून, शेपटी फुलवून, तोंड उघडे ठेवून तो आडवातिडवा उड्या मारू लागतो आणि घशातून खालच्या पट्टीत क्लक-क्लक असा ध्वनी काढतो. नवख्याला तो चवताळला असे वाटते, पण हे खेळाचे निमंत्रण असते. अंगाचा उग्र दर्प हा त्याच्या त्वचेतील ग्रंथींचा धर्म आहे. निर्बीजीकरणाने तो उणावतो, नाहीसा होत नाही.

खरी कसोटी पुढेच आहे, आणि तिच्याविषयी विक्रेते क्वचितच बोलतात. मादी एकदा ऋतूवर आली की समागम घडेपर्यंत तिचे बीजांड सुटत नाही. तो न घडल्यास कित्येक महिने तिच्या रक्तात स्त्रीसंप्रेरकाचे प्रमाण चढे राहते, त्याने अस्थिमज्जा निकामी होते, आणि मादी रक्तक्षयाने मरते. यावर निर्बीजीकरण हा उपाय खरा, परंतु निर्बीजीकरण झालेल्या फेरेटांत पुढे अधिवृक्क ग्रंथी वाढून शेपटीपासून केस गळू लागण्याचा विकार पुष्कळ आढळतो, म्हणून आता कित्येक पशुवैद्य त्याऐवजी त्वचेखाली संप्रेरकाची गुटिका बसविण्याचा सल्ला देतात. उतारवयात स्वादुपिंडात गाठी होऊन रक्तातील साखर घसरणे हेही या जातीचे नित्याचे दुखणे. फेरेट शून्यात टक लावून पाहतो, पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडतो, मागचे पाय ओढीत चालतो, आणि ही चिन्हे ओळखणारा माणूस घरात नसेल तर तो झटक्यात दगावू शकतो. सहा ते आठ वर्षांच्या आयुष्यात असे प्रसंग येणारच, हे गृहीत धरूनच खर्चाची तजवीज केली पाहिजे.

माणसाचा इन्फ्लुएंझा त्याला होतो. १९३३ साली लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील स्राव फेरेटांच्या नाकात घालून या रोगाचा विषाणू प्रथम हस्तगत केला, आणि पुढे एका आजारी फेरेटाच्या शिंकेतून तोच रोग एका संशोधकाला झाल्याचेही सिद्ध झाले. माणसाच्या या व्याधीवरील संशोधनास या लहानशा प्राण्याने केलेले साहाय्य मला फार मोलाचे वाटते. घरात कोणाला पडसे-ताप असेल तर त्याने फेरेटाला जवळ घेऊ नये. कुत्र्यांचा डिस्टेंपर तर त्याला जवळजवळ हमखास मारतो. त्याची लस चुकविता येत नाही.

उष्मा त्याला साहत नाही. घाम येऊन अंग थंड होण्याची सोय त्याच्या शरीरात जवळजवळ नाही, आणि हवा तीस अंशांच्या वर गेली की उष्माघाताचे भय सुरू होते. नागपूर-अकोल्याचा उन्हाळा मनात आणावा, वीज किती वेळा जाते ते आठवावे, आणि चोवीस तास थंड राहणारी खोली, तसेच या जातीचे उपचार जाणणारा पशुवैद्य गावात आहे काय, याची चौकशी करावी. माझ्या मते महाराष्ट्रातील बहुतेक घरांचे उत्तर नकाराचेच येईल, आणि ते तसे देण्यात कमीपणा काही नाही.

परदेशी राहणाऱ्यांनी कायदा अगोदर पाहावा. कॅलिफोर्निया व हवाई या राज्यांत आणि न्यूयॉर्क शहरात फेरेट पाळण्यास मनाई आहे. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात सशांचा बंदोबस्त करण्यासाठी ते सोडण्यात आले आणि त्यांनी किवीसारख्या उडता न येणाऱ्या पक्ष्यांचा संहार मांडला. २००२ पासून तेथे त्यांची विक्री व पैदास बंद आहे.

एवढे सारे जाणूनही ज्याची इच्छा कायम राहील त्याने पिलू विकत घेण्याऐवजी प्राणी-आश्रयगृहातून प्रौढ फेरेट घ्यावा, कारण त्याचा स्वभाव आणि प्रकृती दोन्ही उघड झालेली असतात. त्याला तासभर हाताळावे, त्याच्या अंथरुणाचा वास घ्यावा, घरातील सर्वांना तो घेऊ द्यावा; आणि ती मादी असेल व निर्बीजीकरण झालेले नसेल, तर वसंत लागण्यापूर्वीच तिच्या ऋतुकाळाची व्यवस्था पशुवैद्याशी बोलून पक्की करावी.